तुम्ही विचारलंत म्हणून: याला रंग का नाही?

प्रदर्शनात माझे लाकडी लोलक आणि झुमके लोक हातात घेतात, उलटसुलट करून बघतात आणि हमखास विचारतात, "छान आहे हो, पण रंग का नाही दिला?" पुण्यात हा प्रश्न साहजिकच आहे. तुळशीबागेतली लाकडी भातुकली बघत आपण मोठे झालो. लेथवर कातलेलं लाकूड म्हटलं की चकाकता लाल, पिवळा, हिरवा डोळ्यांपुढे येतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कारागीर तर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाने लाख वितळते आणि रंग चढत जातो. ते काम मला मनापासून आवडतं.

माझं काम मात्र जाळण्याचं आहे. लोलक कातून झाला की तापलेल्या पेनने त्यावर नक्षी भाजायची. पेनच्या टोकाला निक्रोमची तार असते, वीज सोडली की ती तापते. तिने उमटणारी रेघ वरून लावलेली नसते. तिथलं लाकूडच करपलेलं असतं. आच कमी ठेवून हात सावकाश फिरवला तर बदामी छटा येते, आच वाढवली की गडद तपकिरी, मग काळी. एका कुयरीत या सगळ्या छटा बसवता येतात. रंग दिला की त्याच झाकल्या जातात, म्हणून रंग नाही.

निम्मं काम टिंबर मार्केटमध्ये लाकूड निवडतानाच होतं, असं माझं मत आहे. सागवान सगळ्यांना हवं असतं, पण बारीक नक्षीला ते त्रास देतं. त्याच्या वाढीच्या वर्तुळांत मोठ्या छिद्रांच्या ओळी असतात. सरळ रेघ ओढताना टोक छिद्रात घसरतं आणि तिथे काळा ठिपका पडतो. पुढच्या टणक भागावर तीच रेघ फिकी होते. शिवाय ते तेलकट. शिसव इतकं गडद की जाळलेलं दिसतच नाही. हेदू मला सर्वांत प्रिय: पिवळसर, बारीक पोताचं, कातायलाही गुणी. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं की पेन त्यावर न अडखळता चालतं. पेन दाबायचं नाही, काम उष्णता करते. आणि टोक टेकण्याआधीच हात चालता हवा, नाहीतर रेघेच्या सुरुवातीला जळका ठिपका राहतो. गोल पृष्ठभागावर तर लोलक ज्या हातात धरलाय तोही त्याच लयीत फिरवावा लागतो.

लोलकाच्या पोटावरच्या काळ्या कड्या पेनने काढलेल्या नसतात. लेथ चालू असतानाच पटाशीच्या टोकाने बारीक खाच पाडायची आणि तिच्यात तार ताणून धरायची. घर्षणाने ती तापते, क्षणात धुराची रेघ उठते, जळक्या लाकडाचा वास येतो आणि खाच काळी होते. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी हव्यातच; तार बोटांना गुंडाळून हे कधीही करू नका, अडकली तर बोट जाईल. पॉलिश किंवा व्हार्निश मारलेल्या लाकडावर आणि एमडीएफवरही (लाकडाचा भुसा आणि गोंद दाबून केलेल्या फळीवर) जाळू नका, तो धूर घातक असतो. आधी जाळायचं, मग मेण किंवा तेल.

लेझरने झटपट होईल, हेही मला माहीत आहे. एकसारख्या शंभर वस्तू हव्या असतील तर जरूर करून घ्या. पण लेझरला या लोलकाची नस कळत नाही. मला एखादं वळण टणक भागावर आलं की तिथे थांबून आच बदलता येते.

घरी नेलात तर थेट उन्हात टांगू नका, फिकट छटा उन्हाने उडतात. धुवायचा नाही, कोरड्या फडक्याने पुसायचा. आणि दिवाळीसाठी रंग हवाच असेल, तर खालच्या टोकाला लाखेची एक लाल कडी मी आनंदाने चढवून देईन. नक्षीवर मात्र नाही.