एन्चँटेड रॉक, आई आणि भाकरीचा पापुद्रा

शनिवारी आईला घेऊन एन्चँटेड रॉकला, म्हणजे टेक्सासमधल्या एका भल्यामोठ्या खडकाच्या पार्कला जाऊन आलो. म्हणजे दुसऱ्या झटक्यात, कारण त्याआधीच्या शनिवारी बुकिंग न करताच निघालो होतो आणि गेटवरूनच परत फिरलो, विकेंडला पार्क फुल्ल होतं हे इतकी वर्षं ऑस्टिनमध्ये राहून पण डोक्यात शिरलं नव्हतं. आई गाडीत एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

आई वाईची. पांडवगड, वैराटगड बघत मोठी झालेली, त्यामुळे दगड म्हणजे काळा हे ठरलेलं. आणि इथे समोर गुलाबी, टक्कल पडल्यासारखा गुळगुळीत घुमट! "हा कसला डोंगर, ना पायऱ्या ना बुरूज ना वर देऊळ." पायथ्यापासून 425 फूट फक्त, पण उघड्या दगडावरून सरळ चढायचं, त्यामुळे पोटऱ्या बोलतात.

अर्ध्यावर दम खायला बसलो तेव्हा मी शिकवणी सुरू केली. आपल्याकडचा काळा दगड, बसाल्ट, लाव्हा बाहेर येऊन थरावर थर बसून झाला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, तर हा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश गार झालेला, सुमारे 100 कोटी वर्षं जुना, म्हणून दाणे नुसत्या डोळ्यांना दिसतात. वरचं ओझं झिजून गेलं, दाब सुटला, दगड किंचित फुगला आणि वरून थर सुटायला लागले. आईने एका सुटलेल्या थरावरून हात फिरवला आणि म्हणाली, "भाकरीचा पापुद्रा." (भाकरीत वाफ असते गं आई, पण जाऊ दे.)

1978 पर्यंत हा खडक चक्क खाजगी मालकीचा होता, मग सरकारकडे आला, आता नॅशनल नॅचरल लँडमार्क पण आहे. रात्री गार होताना तो कुरकुरतो म्हणे आणि इथल्या मूळच्या टोंकावा लोकांना माथ्यावर भुतांचे जाळ दिसायचे. आई लगेच, "वेताळाची पालखी!"

माथ्यावर खळग्यांमध्ये पाणी साचतं, त्यात नखाएवढी फेअरी श्रिंप (कोळंबीसारखे इवलेसे जीव) असतात, पाणी आटलं की त्यांची अंडी त्या कोरड्या मातीतच पडून राहतात पुढच्या पावसाची वाट बघत, म्हणून सुक्या खळग्यात पण पाय टाकायचा नाही. हे एवढं मात्र आईने एकदम मनावर घेतलं. दारातली रांगोळी चुकवावी तशी प्रत्येक खळगा चुकवत चालली होती, आणि एक पोरगा धावत आला तर त्याला मराठीतच ओरडली, "अरे ए, बाजूने!"

तो गेला बाजूने.