अहवालाचं दुसरं पान
लेकीच्या वेक्सलर चाचणीचा, म्हणजे बुद्धिमत्ता चाचणीचा, अहवाल उघडला आणि नजर आधी एकूण बुद्ध्यांकावरच गेली: ९८. सरासरी १००, शंभरातली साधारण ६८ मुलं ८५ ते ११५ मध्ये, म्हणजे काळजीचं काही नाही, असं म्हणत पान उलटलं. तिथे मात्र थबकले. शब्दांची समज ११८, काम उरकण्याचा वेग ७८! एवढी तफावत असताना तो एकूण आकडा काय सांगणार? आणि मी वर्षभर तिला ‘आळशी’ म्हणत होते. फार वाईट वाटलं. (१९०५ साली बिने आणि सिमाँ या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनी पहिली आधुनिक बुद्धिमत्ता चाचणी तयार केली, तीही मदतीची गरज असलेली मुलं ओळखण्यासाठीच.) शाळेकडे परीक्षेला जादा वेळ मागितला, मिळाला. काल तिने गणिताचा पेपर पहिल्यांदाच पूर्ण सोडवला.