बॉट बोलला, कंपनी हात वर!

आज दुपारभर एका कंपनीच्या चॅटबॉटशी रिफंडवरून डोकेफोड. तो म्हणाला पैसे मिळतील, कस्टमर केअरवाली म्हणते, "सर, ते ऑटोमॅटिक उत्तर असतं." वा रे वा!

एअर कॅनडाचंही असंच. आजी वारलेल्या प्रवाशाला बॉटनं सांगितलं, तिकीट काढा, जवळचं माणूस गेल्यावर मिळणारी सवलत 90 दिवसांत मागा. मागितली, तर नकार. वर युक्तिवादाचा रोख असा की चॅटबॉट वेगळा, त्याचं तोच निस्तरेल! फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणानं तो उडवून लावला आणि सुमारे 812 कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. रक्कम किरकोळ, पण खटले व्हायलाच हवेत. माणसांचे पगार वाचवायला बॉट बसवता, मग त्याचं बोलणंही निस्तरा की!

आपल्याकडे ग्राहकांच्या तक्रारींसाठी हेल्पलाइन 1915. आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायला फी लागत नाही.