कमी चाललेली गाडी

सेकंड हॅण्ड गाड्यांच्या जाहिराती वाचत बसलं की वाटतं नागपुरात कोणी गाडी चालवतच नाही. सगळ्या 'कमी चाललेल्या', सगळ्या 'शोरूम कंडिशन', आणि त्यातल्या निम्म्या 'लेडीज यूज्ड', म्हणजे बाईमाणूस चालवणार तर धरमपेठेत भाजी आणायला नि परत, असा यांचा हिशोब. मी मानेवाड्याहून बुटीबोरी एमआयडीसीत रोज जाणं-येणं करते, वर्धा रोडच्या ट्रकांमधून, माझी आत्ताची स्कूटर मी 'लेडीज यूज्ड' म्हणून विकायला टाकली तर घेणारा चाक फिरवणाऱ्या बेल्टचं कव्हर उघडून रडेल.

तर मला आता मॅक्सी स्कूटर पाहिजे आहे आणि जुनीच पाहिजे आहे, कारण नवीची किंमत काढली की घरातल्या बाकीच्यांचं पण त्या पैशाबद्दल काही म्हणणं असतं. मॅक्सी म्हणजे ती समोरून रुंद, सीट ऐसपैस, डिकी मोठी, आणि पाय जरा पुढे पसरून बसता येतं अशी. बुटीबोरीपर्यंत गुडघे आखडून बसणाऱ्यालाच त्याचं मोल कळतं. आपल्याकडे हे प्रकरण तसं उशिरानेच रुजलं. २००६ मध्ये कायनेटिकची ब्लेझ आली होती, इटलीच्या इटालजेट कंपनीचं डिझाईन, १६५ सीसी, स्कूटरला एवढं मोठं इंजिन म्हणजे लोक वळून पाहायचे, पण २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकीचा धंदाच महिंद्राकडे गेला आणि ब्लेझ तिथेच मागे राहिली. मग थेट २०१८ ची सुझुकी बर्गमन स्ट्रीट, २०२० च्या शेवटी एप्रिलिया एसएक्सआर १६०, जी आपल्या बारामतीच्या कारखान्यात बनते, आणि २०२१ ला यामाहा एरॉक्स १५५. बीएमडब्ल्यूची पण एक आहे, सी ४०० जीटी, आली तेव्हाच ९.९५ लाखाची होती, ती फुटाळा तलावावर कोणाची उभी दिसली तर लांबूनच पाहायची.

बाबांनी एरॉक्सचा फोटो पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "मधात हे कुबड काऊन दिलं? सिलिंडर कुठी ठेवशील?" बाबांनी कायनेटिक होंडावर सिलिंडर, गव्हाचं पोतं, मी आणि दादा असं सगळं एका खेपेत नेलेलं आहे, त्यामुळे पायाजवळ सपाट जागा नसलेली स्कूटर त्यांच्या लेखी स्कूटरच नाही. दुसरा प्रश्न मात्र खरा होता. "अन् भरवसा काय हिचा?"

भरवसा म्हटलं की सगळे आधी मीटर पाहतात. मला तर जितक्या गाड्या पाहून राहिले तितकं उलटंच वाटून राहिलंय. पाच वर्षांत चार हजार किलोमीटर चाललेल्या गाडीपेक्षा पस्तीस हजार चाललेली कधीकधी जास्त भरवशाची निघते, आणि हे पुण्या-मुंबईला किती लागू आहे ते तिथले पाहतील, नागपुरात तर नक्कीच आहे. कारण कमी चालली म्हणजे उभी राहिली, आणि उभी कुठे राहिली? टिनाच्या शेडमध्ये, नाहीतर अपार्टमेंटच्या अंगणात उन्हात. २०१३ च्या २३ मेला इथे ४७.९ होतं, पण रेकॉर्डाचं सोडा, ४४-४५ तर दर मे महिन्याला असतंच. त्या उन्हात किलोमीटर वाढत नाहीत पण बेल्ट, टायर, होज, सील, सगळी रबरं म्हातारी होतात. बॅटरी उतरते. टाकीतलं पेट्रोल तसंच पडून राहतं, आणि आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यात बुडून बसलेला इंजिनला पेट्रोल पाठवणारा पंप. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांची रबरं तर दहा टक्क्यांच्या हिशोबाने केलेली. मीटर हे काहीच सांगत नाही.

प्रतापनगरला एक पांढरी पाहिली, चार हजार किलोमीटर, वरून कव्हर घातलेली, दिसायला तर राजेहो, काल शोरूममधून आणल्यासारखी! मी मालकाला आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या सायलेन्सरला हात लावून पाहिला तर गरम. म्हणजे माझ्या आधी कोणीतरी सेल्फ मारमारून तिला उठवली होती. थंड गाडी किती नखरे करते ते पाहायचं होतं, ते राहिलंच. मग टायर पाहिले. टायरच्या बाजूला एका लांबट गोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. हिचे दोन्ही टायर गाडीच्याच वयाचे, नक्षी नव्यासारखी खोल, आणि त्या नक्षीच्या मधात नख घातलं तर केसासारख्या बारीक भेगा उघडत होत्या. मालक म्हणाले, "ताई, टायर तर पहा, घासलेच नाही." ते खरंच होतं.

मॅक्सीचं अजून एक असतं, तिला फायबर फार. साध्या स्कूटरचा एक पत्रा नि दोन पॅनल काढले की सगळं पोट दिसतं, इथे मात्र पॅनलवर पॅनल, स्क्रू, क्लिपा, त्यामुळे लपवायला भरपूर जागा. एकदा पडलेली गाडी नवं पॅनल लावून पुन्हा कोरी होते, म्हणून मी आता सगळी पॅनलं एकाच रंगाची फिकट झाली आहेत का ते पाहते. एकच बाजू जास्त चमकत असली की समजायचं.

आणि नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ ही तारीख विसरून सेकंड हॅण्ड गाडी घ्यायची नाही. त्या रात्री ढग फुटावे तसा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी वस्तीत शिरली, आणि पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या सीटच्या वरपर्यंत पाण्यात होत्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या असं तर कोणी म्हणणार नाही ना. मी सरळ विचारते, पुरात होती का, इन्शुरन्सचा क्लेम घेतला का. उत्तर 'नाही'च येतं, पण ते यायला किती वेळ लागतो ते पाहायचं.

बाकीचं काम मिस्त्रीचं. आमचे मिस्त्री मानेवाडा रोडला छोट्या गाळ्यात बसतात, बोलणं कमी, पाना जास्त. त्यांच्यासोबत जी दुसरी गाडी पाहिली ती बर्गमन, अडतीस हजारांच्या वर चाललेली, मालक औषधांच्या लाईनमधला, रोज कामठी नाहीतर हिंगणा, मागच्या सीटवर बॅगचे घट्टे पडलेले. दिसायला अगदीच थकलेली, खरं सांगायचं तर मला घरून निघतानाच ती नको वाटून राहिली होती. मिस्त्रींनी मागच्या गिअरच्या डब्यातून दोन थेंब ऑईल काढून बोटावर घेतलं, उजेडात धरलं. पाणी गेलेलं असलं की ते दूध घातलेल्या चहासारखं होतं, हे स्वच्छ होतं, काळपट पण स्वच्छ. मग बेल्टचं कव्हर उघडलं. आत काळी पूड असतेच, ती त्यांनी फुंकरीने उडवली, बेल्ट उलटा वाकवून त्याच्या दातांच्या मुळाशी पाहिलं, भेग नाही. बेल्टच्या पुढच्या पुलीतले रोलर हातात घेऊन जमिनीवर घरंगळवून पाहिले, त्यातले दोन अडखळत गेले, एका बाजूने सपाट झालेले. "हे बदलाव लागन," म्हणाले, "बाकी गाडी चालत राह्यली ना, म्हणून बरी हाये. ते पांढरी तुम्ही सांगून राहिल्या ना ताई, ते उठवाले खर्च येईन."

चालवून पाहिली तर खड्ड्यात हँडलमधून टकटक आवाज, म्हणजे बॉलरेसर, हँडलचे बेअरिंग, गेलेत, आणि सुटताना जराशी थरथर, म्हणजे क्लच. हे सगळं मिस्त्रींच्या गाळ्यात होण्यासारखं, सामान गावातच मिळण्यासारखं. इथे बर्गमनचं मला पटतं. एरॉक्स १५ पीएसची आहे, वर्धा रोडवर ट्रक मागे टाकताना मजा येईल, कूलंट वगैरे सगळं आहे, मन तिकडेच ओढतं, पण जितकं यंत्र नाजूक तितका मागचा मालक काळजीवाला लागतो, आणि मला भेटलेले एरॉक्सवाले बहुतेक एकवीस वर्षांचे, सायलेन्सर बदललेले, सर्व्हिसचं बिल विचारलं तर "भाऊ बाहेर करून घेतो ना आपण" म्हणणारे. मला भाऊ म्हणाला हे तर वेगळंच.

कागदांचं म्हणाल तर एमएच ३१, ४९ नाहीतर ४०, म्हणजे नागपूरचंच पासिंग असलं की बरं. बॉर्डर जवळ असल्यामुळे एमपी, छत्तीसगड पासिंगच्या गाड्या स्वस्तात येतात, पण मग एनओसी, इथला टॅक्स, आरटीओच्या चकरा, त्यात स्वस्ताई जाते. लोन असेल तर गाडीच्या कागदावरून बँकेचं नाव निघाल्याशिवाय टोकन पण द्यायचं नाही.

बर्गमनवाल्यांना रात्री फोन केला, म्हटलं रोलर, क्लच, बॉलरेसर, आणि बेल्ट पण आता होतच आला असेल, सगळ्याचे मिळून पैसे कमी करा. ते म्हणाले, "रोलरचं ठीक आहे ताई, पण बेल्ट मी मागच्या दिवाळीत टाकला, बिल पाठवतो." पाच मिनिटांत फोटो आला, एकच नाही, पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं, फाईलमध्ये पंच करून लावलेली, प्रत्येकावर पेनाने किलोमीटर लिहिलेले. बाबांनी चष्मा लावून एकेक बिल मोठं करून पाहिलं, मीटरचे आकडे चढत्या क्रमाने जुळवले आणि म्हणाले, "हा माणूस बरा दिसते. मधात सिलिंडर मावते ना हिच्या?"

मावतो. रविवारी टोकन द्यायला चालले आहे, बाबा पण येतो म्हणतात.