पहाटेचा फुगवटा उतरला: चूक कप्पात नव्हती, तापमानात होती

पीएमएस ५००३ या लेझर धूळ-सेन्सरचे पहाटे ४ ते ८चे पीएम २.५चे (बारीक धुळीचे) आकडे अखेर शेजारच्या बीटा मॉनिटरच्या (बीटा किरणांनी धूळ मोजणाऱ्या संदर्भ यंत्राच्या) जवळ आले. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर धूळ जास्त दाखवतो; कण किती पाणी ओढतात त्याचं माप म्हणजे कप्पा (κ), आणि त्यावरून आकडा खाली आणायचा ते कप्पा-करेक्शन. मागच्या अपडेटमध्ये कप्पा-करेक्शन लावूनही ते फुगलेलेच होते. जुळवायला कप्पा ०.४वरून ०.७पर्यंत ओढावा लागत होता, आणि तिथेच शंका आली. निव्वळ अमोनियम सल्फेटचा कप्पाही ०.६च्या आसपास असतो. काजळी मिसळलेल्या शहरी कणांचा त्याहून कमीच हवा.

दोष आर्द्रतेच्या आकड्यात निघाला. बीएमई २८० हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर डबीत, वायफाय बोर्डाच्या वरच होता. बाहेर २० अंश आणि ९२ टक्के असताना डबी २४ अंशांवर असेल, तर तो ७२ टक्केच दाखवणार. मग सेन्सर बाहेर टांगावा, हा पहिला विचारही चुकीचाच. कण फुगतात ते धूळ-सेन्सरच्या चेंबरमधल्या, लेझरसमोरच्या हवेनुसार, आणि ती ना बाहेरइतकी गार, ना डबीइतकी गरम. तिथे २२ अंश धरले तर आर्द्रता ८१ टक्के. रॉ म्हणजे सेन्सरच्या कच्च्या आकड्याला ज्याने भागायचं त्या भाजकाचं सूत्र तेच जुनं (आर्द्रता अपूर्णांकात, ८१ टक्के म्हणजे ०.८१): १ + (कप्पा ÷ १.६५) × आर्द्रता ÷ (१ − आर्द्रता). कप्पा ०.४ ठेवून भाजक अनुक्रमे १.६३, ३.७९ आणि २.०६ येतात. रॉ १२० (मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर) असेल तर डबीच्या आर्द्रतेने ७४, बाहेरच्या आर्द्रतेने ३२ आणि चेंबरच्या आर्द्रतेने ५८. कण तेच, उत्तरं तीन!

सुटका दवबिंदूने झाली. हवा तापली तरी तिच्यातली वाफ तेवढीच राहते. म्हणून बीएमई २८० जागचा हलवलाच नाही, त्याच्या तापमान-आर्द्रतेवरून मॅग्नस सूत्राने (६.११२, १७.६२, २४३.१२) बाष्पदाब काढला आणि त्याला धूळ-सेन्सरच्या एक्झॉस्टमधल्या (हवा बाहेर पडते तिथल्या) तापमानाच्या संपृक्त बाष्पदाबाने (त्या तापमानाला जास्तीत जास्त शक्य असलेल्या बाष्पदाबाने) भागलं, की चेंबरची आर्द्रता मिळते. एक्झॉस्टच्या तोंडाशी १० किलो-ओहमचा मणी-थर्मिस्टर (मण्याएवढा तापमापक) बसवला आहे. मणी बारीकच घ्या, जाडा प्रोब हवा अडवतो. त्याला वीज फक्त रीडिंगपुरती द्या, नाहीतर तो स्वतःच तापतो. इथे अर्ध्या अंशाची चूक झाली तरी ८१चे ७९ टक्के होतात, म्हणून फॅन आणि बोर्ड बंद ठेवून दोन्ही तापमापक काही तास थर्माकोलच्या खोक्यात एकत्र ठेवा आणि फरक कोडमध्ये वजा करा.

बीएमई २८०वर डोळे झाकून विसंबू नका. त्याची ±३ टक्क्यांची चूक ९० टक्क्यांपाशी भाजक २.६ ते ४.२ असा हलवते. तो ठरलेल्या आर्द्रतेत ठेवून तपासा: बंद बरणीत मिठाचा लगदा (मीठ पूर्ण विरघळू द्यायचं नाही, ओल्या वाळूसारखं ठेवायचं) २५ अंशांना ७५.३ टक्के देतो, पोटॅशियम क्लोराइडचा ८४.३. प्रत्येकी २४ तास. दुसरा बिंदू टाळू नये, कारण आपलं सगळं भांडण वरच्याच टोकाला आहे.

एवढी खटपट कशासाठी? चार तास १६ने (७४ उणे ५८) जास्त म्हणजे दिवसाच्या सरासरीत २.७ची भर, आणि डब्ल्यूएचओची २०२१ची पीएम २.५ची २४ तासांची पातळी १५च आहे. त्याहून वाईट म्हणजे ही चूक दमट, गार पहाटेलाच चिकटलेली असते. तशी हवा दम्याच्या रुग्णाला मुळातच त्रास देऊ शकते. त्रासाच्या नोंदी अशा आकड्यांशी जोडल्या, तर हवामानाचा दोष धुळीच्या माथी बसतो.

पीएम १० मात्र या सेन्सरवरून अजूनही घेऊ नये; जाडे कण त्याला नीट दिसत नाहीत. सेन्सर देतो त्या दोन कॉलमांपैकी करेक्शनला सीएफ-१चाच कॉलम वापरा, वातावरणीय कॉलममध्ये कंपनीची स्वतःची वजावट आधीच मिसळलेली असते.

पुढे आत येणारी हवा तापवून कोरडी करायला इनलेटवर नायक्रोमची तार गुंडाळायची होती. ते रद्द केलं होतं, कारण जास्त तापवलं की अमोनियम नायट्रेट उडून जातं आणि आकडा खोटा खाली येतो. पण हिशेब मांडताना वेगळं सुचतंय: शेजारी दोन पीएमएस ठेवायचे, एकाचीच नळी हलकी गरम करून चेंबर ५० टक्क्यांखाली ठेवायचा. दोघांच्या गुणोत्तरातून त्या रात्रीचा कप्पाच मिळेल, ०.४ गृहीत धरायला नको. आधी आठवडाभर दोन्ही न तापवता चालवून त्यांचा आपसातला फरक काढावा लागेल, मग नळ्यांची अदलाबदल. ९५ टक्क्यांवरची रीडिंग तरीही टाकूनच द्यायची. तिथे धुक्याचे थेंबही मोजले जातात.