आमची वाटचाल : बॅटरी विक्रीकडून चार्जिंगच्या निदानाकडे

मोटारसायकलच्या बॅटऱ्या विकणे आणि उतरलेल्या बॅटऱ्या चार्ज करून देणे, एवढ्यावरच आमचा व्यवसाय सुरू झाला. तेव्हा कार्ब्युरेटरच्या गाड्या अधिक होत्या. बॅटरी अशक्त असली तरी किक मारून गाडी सुरू होई आणि चार्जिंगमधला दोष बराच काळ झाकलेला राही. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये मात्र ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा छोटा संगणक) आणि टाकीतील फ्युएल पंप यांना पुरेसे व्होल्टेज लागते, त्यातच अनेक गाड्यांवरून किकही गेली, आणि ग्राहक थेट नवी बॅटरी मागू लागले. दोष गाडीतच असेल तर नवी बॅटरीही उतरणारच, म्हणून तपासणीशिवाय बॅटरी विकायची नाही असे आम्ही ठरवले. त्याने विक्री कमी झाली, पण व्यवसायाला खरी दिशा याच निर्णयाने दिली, असे मी मानतो.

चार्ज करून काही तास तशीच ठेवलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा १० च्या खाली जाऊ नये, आणि इंजिन सुमारे ५,००० आरपीएमवर असताना तो साधारण १३.५ ते १४.५ असावा. १५ ओलांडल्यास संशय प्रथम आरआर युनिटवर, म्हणजे एसीचे डीसी करून व्होल्टेज मर्यादेत ठेवणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरवर, जातो. आकडा वाढतच नसेल, तर थ्री-फेज गाडीत स्टेटरच्या (इंजिनमधील वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या) तीन वायरींपैकी दोन-दोन घेऊन आम्ही एसी व्होल्टेज मोजतो. तिन्ही वेळचे आकडे जवळपास सारखे हवेत आणि एकही वायर इंजिनच्या बॉडीला शॉर्ट नसावी. त्याही आधी कपलर (वायरी जोडणारा प्लग) करपला आहे का आणि अर्थिंग सैल आहे का हे पाहावे, असे प्रत्येक नव्या कारागिराला मी आग्रहाने सांगतो, कारण एवढ्याशा दोषापायी चांगली कॉइल काढून टाकली जाणे मला सहन होत नाही.

जादा दिवे आणि ट्रॅकर बसवण्याची पद्धत वाढल्यापासून, चावी बंद असताना किती करंट वाहतो हेही आम्ही मोजू लागलो. अलीकडे लिथियम बॅटऱ्याही येतात. लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असल्याचे सांगणारे १२.६ व्होल्ट लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत ती बरीच उतरल्याचे सांगतात. त्यामुळे आमच्या तपासणी पत्रकात आता व्होल्टेजच्या आधी बॅटरीचा प्रकार नोंदवला जातो.