टायरच्या भोकातून बॉल

आमच्या परभणीकडं कबड्डीत रेड बी मारणाऱ्या अन् पकड बी करणाऱ्या पोराला लई मान, म्हणून असंल कदाचित, पण अमेरिकन फुटबॉलमधला सॅमी बॉ मला सगळ्यात जास्त आवडतो. टेक्सासचा गडी, 1914 चा जन्म. लहानपणी झाडाला जुनं टायर टांगायचा, त्याला झोका द्यायचा अन् पळता पळता त्याच्या भोकातून बॉल फेकायचा, ते पण रोज, आता एवढी चिकाटी कोणाकडं असते सांगा. 1937 ला एनएफएलमध्ये, म्हंजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, वॉशिंग्टनच्या टीमकडून खेळायला आला अन् पहिल्याच वर्षी टीम चॅम्पियन!

पण खरी कमाल 1943 ची. पासिंगमध्ये लीगमध्ये पहिला, लांब किक मारायच्या पंटिंगमध्ये पहिला अन् समोरच्याचे पास मधेच पकडण्यात बी पहिलाच. डेट्रॉइटविरुद्ध एकाच मॅचमध्ये 4 टचडाउन पास, म्हंजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले अन् 4 पास हिसकावले, म्हंजे दोन्हीकडून तोच. 1940 ची पंटिंगची सरासरी तर 51.4 यार्ड, जवळपास 47 मीटर.

16 सीझन खेळून गडी परत टेक्सासात आपल्या रँचवर, गुराढोरांत. 2008 ला गेला, 94 वर्षांचा होऊन.